हुकुमाची पोच : परमादेशाचा प्रवास, प्लायमथपासून कोल्हापूरपर्यंत

18 ऑगस्ट 2025 ला कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं, म्हणजे फिरत्या खंडपीठाचं, कामकाज सुरू झालं. भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या जिल्हा न्यायालयाच्या इमारतीत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं आता इथं चालतात. तेव्हापासून ओळखीतले बरेच जण विचारतात, 'साहेब काम करत नसले तर कोर्ट त्यांना करायला लावतं म्हणे, ते खरं का?' खरं आहे. त्या हुकुमाला अभ्यासाच्या पुस्तकांत परमादेश म्हणतात, वकिलांच्या तोंडी मॅन्डॅमस. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'आम्ही आज्ञा करतो'.

मला तो शब्द कळला माझ्या मामांमुळे. आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर वारस नोंद व्हायला हवी होती. मामा तलाठी ऑफिसला खेटे घालत राहिले, तीन वर्षं गेली. शेवटी वकिलांकडे गेलो तर त्यांचा पहिला प्रश्न, "मामा, अर्ज दिल्याची पोच कुठाय?"

मामा म्हणाले, "पोच कशाला वो? रोज तोंड बघतोय की त्यो माझं."

वकिलांनी पेन खाली ठेवलं. तीनदा हातात दिलेला अर्ज कोर्टाच्या दृष्टीनं दिलेलाच नव्हता. कुठं आवक क्रमांक नाही, तारखेचा शिक्का नाही. गंमत नव्हे, दुःख असं की महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 149 मध्ये स्पष्ट लिहिलंय, हक्क मिळाल्याची वर्दी आली की तलाठ्यानं लगेच लेखी पोच द्यायची. मामांचा हक्क नोंदीच्या आधी पोचेपाशीच अडला होता, आणि ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पोच का लागते याचं उत्तर परमादेशाच्या स्वभावात आहे. आधी मागणी, मग नकार, हा त्याचा जुना दंडक. नकार तोंडानं दिलेला असो की वर्षानुवर्षं गप्प बसून. पण तुम्ही मागितलं होतं हे कागदावर दिसावं लागतं. आणि जे मागता ते अधिकाऱ्याचं कायद्यानं बांधलेलं कर्तव्य असावं लागतं, त्याची मर्जी नव्हे.

हा हुकूम इंग्लंडमध्ये राजाच्या नावानं निघायचा. त्याचं मूळ बहुतेक जण 1615 च्या बॅग खटल्यात शोधतात. प्लायमथ नगरपालिकेचा जेम्स बॅग नावाचा सदस्य मेयरला वाटेल ते बोलला, म्हणून त्याचं पद काढून घेतलं. किंग्ज बेंच न्यायालयानं त्याला परत पदावर घ्यायला लावलं. बोलणं वाईट होतं, पण तेवढ्यावरून पद काढायचा अधिकार नगरपालिकेला नव्हता. पुढं 1762 मध्ये त्याच कोर्टाचे मुख्य न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी त्याला तत्त्वाचं रूप दिलं : जिथं कायद्यात दुसरा ठरलेला उपाय नाही, पण न्यायासाठी आणि नीट कारभारासाठी तो असायला हवा, तिथं मॅन्डॅमस द्यावा.

आपल्याकडे हा हुकूम आला, पण वेशीपर्यंतच. कंपनी सरकारला कोर्टाचा हात आपल्या कारभारात नको होता. 1781 च्या कायद्यानं महसुलाचे विषय कलकत्त्याच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टाच्या कक्षेतून बाहेर काढले. म्हणजे जमिनीचा सारा, त्याची वसुली, ज्या कारभाराशी रयतेचा रोजचा संबंध, तोच कोर्टाला बंद. महसुलाची ही आडकाठी उच्च न्यायालयांच्या मूळ अधिकारक्षेत्रावर (जिथं खटला थेट त्यांच्याकडेच सुरू होतो) राज्यघटना येईपर्यंत टिकली.

मुंबईत 1823 च्या सनदेनं सुप्रीम कोर्ट आलं आणि पाचएक वर्षांतच ठिणगी पडली. पुण्यातल्या मोरो रघुनाथ या मुलाला हजर करा, असा हेबियस कॉर्पसचा हुकूम कोर्टानं काढला. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तो बजावू दिला नाही. न्यायमूर्ती ग्रँट यांनी निषेध म्हणून कोर्टच बंद ठेवलं. वाद लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे शेवटच्या अपिलाच्या जागेपर्यंत, गेला आणि 1829 मध्ये निकाल आला : मुंबई शहराबाहेरच्या, कोर्टाच्या कक्षेत नसलेल्या माणसाविषयी रिट, म्हणजे असा लेखी हुकूम, काढायचा अधिकार या कोर्टाला नाही. पुणं मुंबईहून दोन-तीन मुक्कामांवर, पण कोर्टाच्या हुकुमाला ते परदेशच.

1862 मध्ये मुंबई उच्च न्यायालय स्थापन झालं, तरी ही रेषा पुसली नाही. 1877 च्या विशिष्ट साहाय्य कायद्यानं तर कलकत्ता, मद्रास, मुंबईच्या उच्च न्यायालयांना मॅन्डॅमस या नावाचं रिट काढायलाच मनाई केली. त्याऐवजी कलम 45 दिलं : सार्वजनिक अधिकाऱ्यानं करायलाच हवी अशी कृती करण्याचा आदेश, पण तो फक्त या तीन शहरांच्या मूळ दिवाणी हद्दीत. वर अट, भारतमंत्री (लंडनमधला भारताच्या कारभाराचा मंत्री), गव्हर्नर जनरल किंवा प्रांतिक सरकार यांना तो बांधणार नाही. ज्याच्याविरुद्ध दाद मागायची वेळ सर्वांत जास्त येते, तोच वगळलेला. हे कलम वाचताना मला दर वेळी राग येतो.

कोल्हापूर तर संस्थान. इथं मुंबईच्या कोर्टाचा प्रश्नच नव्हता, हुकूम चालायचा तो छत्रपतींचा. आणि हुकूम कसा द्यावा याचा एक नमुना याच मातीत आहे. 26 जुलै 1902 चा शाहू महाराजांचा आदेश 50 टक्के जागांसाठी सगळ्यांना ठाऊक असतो. त्याचा पुढचा भाग कमी वाचला जातो : ज्या कार्यालयात मागासवर्गीयांचं प्रमाण निम्म्याहून कमी असेल तिथं पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करायची, आणि या आदेशानंतर केलेल्या नेमणुकांचं पत्रक खातेप्रमुखांनी दर तिमाहीला पाठवायचं. आज कोर्टं ज्याला अनुपालन अहवाल म्हणतात, तो हाच. महाराजांना माहीत होतं की हुकूम काढून भागत नाही, पाळला का ते विचारत राहावं लागतं. पण विचारणारे महाराजच होते. ज्याला नोकरी मिळायला हवी होती त्या माणसाच्या हातात त्या आदेशाचा जाब विचारणारं रिट नव्हतं.

ते आलं 26 जानेवारी 1950 ला. त्याआधी 1 मार्च 1949 ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं होतं. घटनेच्या अनुच्छेद 226 नं उच्च न्यायालयाला आपल्या पूर्ण कार्यक्षेत्रात, कोणाही व्यक्तीला किंवा प्राधिकरणाला, योग्य प्रकरणात सरकारलासुद्धा, रिट बजावायचा अधिकार दिला. अनुच्छेद 225 नं महसुलाची जुनी बंदी उठवली. तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत सगळे एका झटक्यात कक्षेत आले. तरी एक फट राहिली होती : 1953 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की दिल्लीत कार्यालय असलेल्या निवडणूक आयोगाला मद्रासचं उच्च न्यायालय रिट बजावू शकत नाही. 1963 च्या पंधराव्या घटनादुरुस्तीनं तीही बुजवली. जिथं दाव्याचं कारण घडलं, तिथल्या उच्च न्यायालयात जाता येऊ लागलं.

पुढच्या काळात हुकुमाची धार वाढली. रतलाम नगरपालिकेच्या 1980 च्या निकालात (तो दंडाधिकाऱ्याच्या आदेशावरचा होता, रिटवरचा नव्हे, पण तत्त्व तेच) न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केलं की पैसे नाहीत म्हणून गटारं आणि संडास बांधायचं कर्तव्य टळत नाही. आपल्या महापालिका कायद्यात कलम 63 मध्ये बंधनकारक कामं आहेत आणि कलम 66 मध्ये ऐच्छिक. कुठलीही याचिका करण्याआधी आपलं गाऱ्हाणं कुठल्या कलमात बसतं ते बघावं. 1997 च्या विनीत नारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सीबीआयच्या तपासावर सतत लक्ष ठेवलं आणि 'निरंतर परमादेश' रूढ झाला : हुकूम देऊन फाइल बंद न करता पुन्हा पुन्हा अहवाल मागायचा. पंचगंगेच्या प्रदूषणाची जनहित याचिका मुंबईत वर्षानुवर्षं चालली ती याच पठडीत.

एक गैरसमज मात्र फार आहे. परमादेशानं निर्णय घ्यायला लावता येतो. अमुकच निर्णय द्या असं कोर्ट सहसा सांगत नाही. म्हणून बहुतेक आदेशांत वाक्य असतं, 'अर्जदाराच्या अर्जावर कायद्यानुसार इतक्या आठवड्यांत निर्णय घ्यावा.' दुसरा पुरेसा उपाय असेल तर कोर्ट आधी तिकडं पाठवतं. 2005 चा दप्तर दिरंगाई कायदा सर्वसाधारणपणे कुठलीही फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवून ठेवू देत नाही, 2015 च्या सेवा हमी कायद्यात तीन टप्प्यांची अपिलं आणि अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड आहे. या पायऱ्या चढलात तर याचिका भक्कम होते.

मामांच्या वेळी बेंच नव्हतं. नवा अर्ज दिला, या वेळी शिक्का मारून घेतला, वाट पाहिली, मग याचिका. तारखेच्या आदल्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस, सकाळी सीएसएमटी, स्टेशनवर तोंड धुऊन फोर्टमध्ये चालत. दोनदा नंबरच लागला नाही, आम्ही तसेच परत आलो. वेशीबाहेरची रयत म्हणजे काय, ते मला त्या परतीच्या गाडीत कळलं. तिसऱ्या खेपेला पाच मिनिटांत आदेश झाला : आठ आठवड्यांत नोंदीचा निर्णय करा.

कोल्हापूरला उतरल्यावर मामा घरी गेले नाहीत. स्टँडवर आदेशाच्या दोन झेरॉक्स काढल्या आणि थेट गावची एसटी धरली. ऑफिसात एक प्रत टेबलावर ठेवली, दुसरी पुढं केली आणि म्हणाले, "साहेब, पयलं हिच्यावर पोच द्या."