सोनेरी दिसणाऱ्या दोन टाइल्स: लस्टर आणि लाजवर्दीना

जुन्या इराणी टाइल्समध्ये जे जे चमकतं, त्याला आपण सरसकट ‘सोन्याचं काम’ म्हणून मोकळे होतो. पण लस्टरमध्ये, म्हणजे चांदी-तांब्याच्या संयुगांनी आणलेल्या धातूसारख्या चकाकीत, सोन्याचा कणही नसतो. सोनं असतं ते लाजवर्दीनात, म्हणजे निळ्या किंवा फिरोजी टाइलवर वर्ख लावलेल्या कामात. गोंधळ होणं साहजिकच आहे, कारण इराणचा मंगोल राजा (इल्खान) अबाका यानं १२७० च्या दशकात वायव्य इराणमधल्या तख्त-ए-सुलेमान इथं बांधलेल्या राजवाड्यात दोन्ही प्रकार होते, आणि ड्रॅगन-फिनिक्सची तीच उठावाची नक्षी दोन्हींत सापडते.

लाजवर्दीनाची रीत समजायला सोपी. गडद निळी किंवा फिरोजी झिलई (काचेसारखा वरचा थर) आधी भाजून घ्यायची, त्यावर तांबडे, पांढरे, काळे रंग आणि सोन्याचा वर्ख लावायचा, मग मंद आचेवर पुन्हा भाजायचं. इराणमधल्या काशान शहराच्या कुंभार घराण्यातला अबुल कासिम १३०१ मध्ये लिहितो की एक मिस्काल (वजनाचं जुनं माप) सोनं ठोकून २४ पत्रे करतात, कात्रीनं कापतात आणि सरसानं चिकटवतात. म्हणजे सोनं झिलईच्या वर बसतं. वर्ख झिजला की खाली निळा रंग उघडा पडतो.

लस्टर त्याहून कितीतरी जुनं. इजिप्तमध्ये आठव्या शतकातच काचेवर ते रंगवलं जात होतं. नवव्या शतकात इराकच्या कुंभारांनी ते मातीच्या भांड्यांवर आणलं. ट्युनिशियात कैरुआनच्या मशिदीतल्या मिहराबभोवती (मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याभोवती) त्याच काळातल्या १३९ लस्टर टाइल्स आजही जागेवर आहेत. लस्टरसाठी कथिलानं पांढरी केलेली झिलई आधी भाजतात. मग चांदी आणि तांब्याची संयुगं मातीत मिसळून, द्राक्षाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये वाटून त्यानं नक्षी काढतात. दुसरी भाजणी मंद आणि धुराची. अबुल कासिम तर ७२ तासांचा हलका धूर सांगतो. भट्टीत प्राणवायू कमी पडला की चांदी-तांब्याचे अतिसूक्ष्म कण झिलईच्या पृष्ठभागाखालीच तयार होतात. बाहेर काढल्यावर टाइल मळकट दिसते. ओल्या मातीनं घासली की चकाकी उघडी होते. धूर कमी पडला तर चमक येतच नाही, आच वाढली तर वरची माती झिलईला चिकटून बसते. सोनं वापरूनही लाजवर्दीनात एवढी जोखीम नाही, म्हणून माझ्या लेखी मोठी कारागिरी लस्टरचीच.

ओळखायचं कसं? टाइलसमोर उभं राहून जरा बाजूला सरका. लस्टर समोरून तपकिरी दिसतं, तिरप्या उजेडात सोनेरी होतं, कधी जांभळट झाकही मारतं. वर्ख कुठूनही पिवळाच. भिंग असेल तर वर्खाच्या तुकड्यांच्या कापीव कडा आणि त्यांना बांधून घेणाऱ्या तांबड्या रेषा दिसतील. काशानच्या लस्टरमध्ये मात्र भरीव तपकिरी पट्ट्यांत बारीक वेलांट्या पांढऱ्या दिसतात. चितारी त्या रंगवत नसे. भाजण्याआधीच टोकदार काडीनं तो रंग खरवडून काढे.