सोडतीच्या चेंडूचं वजन

२४ एप्रिल १९८० च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या लॉटरीत आकडा निघाला ६६६. सोडत टीव्हीवर सगळ्यांदेखत झाली होती. तीन यंत्रं, प्रत्येकात ० ते ९ आकड्यांचे दहा हलके चेंडू. हवेच्या झोताने चेंडू उडतात, त्यातला एक नळीत शिरतो आणि तो निकाल ठरतो.

पण ४ आणि ६ सोडून बाकीच्या चेंडूंमध्ये सुईने थोडा रंग भरलेला होता. रंगाने ते जड झाले आणि खालीच घुटमळत राहिले. ४ आणि ६ तेवढे वर जायचे. एक हजार शक्यतांमधून उरल्या फक्त आठ, ४४४ पासून ६६६ पर्यंत. टोळीने त्या आठही आकड्यांवर पैसे लावले होते. नेमक्या त्याच आकड्यांवर एवढी मोठी रक्कम का लागली, या प्रश्नावरून गुन्हा उघडकीला आला. कार्यक्रमाचा निवेदकच त्यात सामील होता.

चेंडूच्या वजनातला एवढासा फरक निकाल फिरवतो, हे ओळखून स्पेनच्या नाताळ लॉटरीत जी काळजी घेतात ती मला फार मोलाची वाटते. ही लॉटरी १८१२ पासूनची. २२ डिसेंबरला माद्रिदमध्ये मोठ्या जाळीदार पिंपात एक लाख लाकडी चेंडू फिरतात, ००००० ते ९९९९९. आकडे लेझरने कोरतात, कारण रंगाने लिहिले तर ८८८८८ ला १११११ पेक्षा जास्त रंग लागेल आणि वजनात फरक पडेल. निघालेले आकडे शाळकरी मुलं गाऊन सांगतात.

आपल्याकडे केरळने १९६७ साली आणि महाराष्ट्राने १९६९ साली राज्य लॉटरी सुरू केली. १९९८ च्या केंद्रीय कायद्यानुसार सोडत राज्य सरकारनेच, राज्याच्या हद्दीत काढायची, आणि एकआकडी लॉटरी चालवायची नाही. ही शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. दहात एक संधी माणसाला ‘आत्ता लागेलच’ असं वाटायला लावते आणि तो पुन्हा पुन्हा खिशात हात घालतो. ब्रिटनच्या लोट्टोत ५९ मधून ६ आकडे जुळवायचे असतात. ती शक्यता साडेचार कोटींत एक.

चेंडू निदान तोलून बघता येतो. संगणकाचं तसं नाही. साधा संगणकीय प्रोग्रॅम आकडे ‘निवडत’ नाही, एका सुरुवातीच्या संख्येवरून गणिताने ते तयार करतो. ती संख्या माहीत असेल, तर पुढचं सगळं आधीच सांगता येतं. अमेरिकेत अनेक राज्यांच्या लॉटऱ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेत एडी टिप्टन हा माहिती-सुरक्षेचा प्रमुख होता. त्याने सोडतीच्या प्रोग्रॅममध्ये गुपचूप काही ओळी घातल्या. वर्षातल्या तीन ठरावीक तारखांना, बुधवार किंवा शनिवार असेल आणि रात्रीचे आठ वाजून गेले असतील, तर आकडे त्याला ठाऊक असलेल्या रीतीने निघायचे. इतर दिवशी सोडत अगदी स्वच्छ असायची, म्हणून तपासणीत काही सापडत नसे.

विस्कॉन्सिन राज्यात २००७ च्या सोडतीचा जुना संगणक जपून ठेवलेला होता. तपासकांनी त्याच्या घड्याळात २९ डिसेंबर ही तारीख घालून तीच सोडत पुन्हा काढली. त्या दिवशी जिंकलेले आकडे जसेच्या तसे पडद्यावर आले.