ट्रक कॅम्पर की कॅम्पर व्हॅन? आरामाच्या हिशेबाने गाडी निवडताना

अमेरिकेत किंवा कॅनडात गाडीतच मुक्काम करत फिरायचं ठरवून लोक आमच्या पुण्याच्या कार्यालयात येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न भाड्याचा असतो. आमचा पहिला प्रश्न वेगळा असतो: तुमच्यापैकी रात्री कोणाला उठावं लागतं? बरोबर येणाऱ्या आई-बाबांचे गुडघे कसे आहेत, ते आम्ही लगेच पुढे विचारतो. दिवसा खिडकीबाहेर डोंगर असतात, तेव्हा कुठलीही गाडी आरामाचीच वाटते. गाडीची खरी परीक्षा रात्री दोन वाजता होते. आमच्याकडे दोन्ही प्रकारच्या गाड्यांची व्यवस्था होते, त्यामुळे एकच प्रकार गळ्यात मारण्यात आम्हाला काही मिळवायचं नाही. चुकीची गाडी घेतली की दहा दिवसांची सहल अंगावर येते, आणि तसं कोणाचंही होऊ नये म्हणून हे पत्रक.

आधी या दोन गाड्या म्हणजे काय ते पाहू. ट्रक कॅम्पर म्हणजे पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेली आख्खी खोली. खाली फोर्ड एफ-३५० किंवा राम ३५०० सारखा दणकट ट्रक असतो. वरच्या खोलीत जेवणाची बैठक, ओटा, फ्रिज आणि बहुतेक वेळा संडास-मोरी असते. पलंग ड्रायव्हरच्या केबिनच्या टपावर पुढे आलेल्या भागात असतो. खोलीचं दार मागे असतं, आणि ट्रकची केबिन व ही खोली एकमेकींना आतून जोडलेल्या नसतात. कॅम्पर व्हॅन म्हणजे मर्सिडीज स्प्रिंटर, फोर्ड ट्रान्झिट किंवा राम प्रोमास्टर यांसारखी उंच छपराची मालवाहू व्हॅन, आतून घर करून दिलेली. स्टिअरिंगपासून मागच्या पलंगापर्यंत सगळं एकाच पोटात.

झोप

ट्रक कॅम्परमधला पलंग ऐसपैस असतो, दोन माणसं मोकळी झोपतात. पण तो छातीच्या उंचीवर असतो. वर जायला एक-दोन पायऱ्या किंवा पुढ्यातली बैठक चढावी लागते, आणि गादीवर पोचलं की छत दोन-तीन फुटांवर येतं. म्हणजे बसायचं नाही, रांगायचं. उतरताना उलटं वळून पायाने पायरी चाचपावी लागते. तिशी-चाळिशीच्या माणसाला यात काही वाटत नाही, मुलांना तर तो माळा फार आवडतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आईला मात्र हे रोज रात्री दोन वेळा करायचं असतं. काही मॉडेलमध्ये गादी आडवी असते. अशा वेळी आत झोपलेल्याला बाहेरच्याच्या अंगावरून यावं लागतं. उभी गादी असली तर दोघंही आपापल्या बाजूने उतरू शकतात. तेव्हा ट्रक कॅम्पर घेणारच असाल, तर उभी गादी मागून घ्या.

व्हॅनमधला पलंग खाली असतो, पण त्यातही प्रकार आहेत. प्रोमास्टरची आतली रुंदी सगळ्यात जास्त जागी साधारण सव्वासहा फूट भरते, म्हणून अनेक कारखाने पलंग आडवा टाकून जागा वाचवतात. भिंतीला आतून अस्तर बसवलं की त्यातले काही इंच जातात. साडेपाच फुटांचा माणूस त्यात निवांत मावतो. सहा फुटांच्या माणसाचं डोकं एका भिंतीला आणि टाचा दुसऱ्या भिंतीला लागतात. शिवाय मागच्या दाराकडे झोपलेला अडकतो तो अडकतोच. साठीच्या पुढच्या जोडप्यांना आम्ही लांबीच्या दिशेने दोन वेगळे पलंग आणि मधे चालायला वाट असलेली व्हॅन सुचवतो. विनेबॅगोची ट्रॅव्हॅटो ५९के ही त्यातली एक, सगळ्यात मागे संडास-मोरी असलेली. पलंगावर उठून बसलं की पाय थेट जमिनीला टेकतात आणि चार पावलांवर संडास. या मांडणीइतकं सुख आम्हाला दुसऱ्या कशात दिसलेलं नाही.

आमच्या कार्यालयात फरशीवर चिकटपट्टीने दोन्ही गाड्यांचा आतला आराखडा आखलेला आहे, आणि पलंगाच्या उंचीचं एक लाकडी स्टूल ठेवलेलं आहे. येताना आई-बाबांना नक्की घेऊन या. त्या पट्ट्यांच्या आत त्यांना उठू-बसू द्या, एकमेकांना वाट देऊन पाहू द्या. फोटो पाहून हे कळत नाही.

चढणं-उतरणं

ट्रक कॅम्परची जमीन हौद्याच्या वर असते, त्यामुळे मागच्या दाराशी घडीच्या पायऱ्या उघडाव्या लागतात. त्या अरुंद आणि उभ्या असतात, पावसात निसरड्या होतात. आणि ट्रकच्या केबिनमध्येही चढावंच लागतं, कारण फोर व्हील ड्राइव्हचा मोठा पिकअप आपल्या एसयूव्हीपेक्षा बराच उंच असतो. दिवसभरात पाच-सहा ठिकाणी थांबलात तर प्रत्येक थांब्याला केबिनमधून उतरा, मागे चालत जा, पायऱ्या उघडा, वर चढा. व्हॅनमध्ये गाडी थांबवली, खुर्ची फिरवली की तुम्ही घरात. बाहेर पाऊस असो, डास असोत की जवळपास अस्वल दिसलेलं असो, दार उघडायची गरज नाही. मधुमेहामुळे ज्यांना वारंवार लघवीला जावं लागतं त्यांच्यासाठी ही एकच गोष्ट निवड पक्की करायला पुरेशी आहे.

एक मात्र ध्यानात ठेवा. गाडी चालू असताना व्हॅनमध्येही कोणी उठून मागे जायचं नाही आणि पलंगावर आडवं व्हायचं नाही. सगळे बेल्ट लावून बसलेले हवेत. इथे ट्रक पुढे आहे. मोठ्या केबिनच्या ट्रकमध्ये पाच जणांना बेल्टसह नीट बसता येतं आणि मुलांच्या सीटही व्यवस्थित लागतात. भाड्याच्या कित्येक व्हॅनमध्ये बेल्टच्या जागा दोनच असतात, काहींत चार. चौघांचं कुटुंब असेल तर झोपायच्या जागा मोजण्याआधी बेल्ट मोजा. प्रवासातली शांतताही ट्रकमध्ये जास्त. व्हॅनमध्ये भांडी, कपाटांची दारं, ओट्यावरची बरणी, सगळ्यांचा खडखडाट दिवसभर कानाशी राहतो. ट्रकमध्ये तो मागच्या खोलीत राहतो.

संडास, स्पष्टच बोलू या

हा विषय लोक सगळ्यात शेवटी आणि हळू आवाजात काढतात. आम्ही आधीच काढतो. अनेक लहान व्हॅनमध्ये कॅसेटचा संडास असतो. खालची पेटी साधारण वीस लिटरची असते, ती ओढून काढायची आणि ठरलेल्या जागी रिकामी करायची. तिकडच्या माहितीपत्रकात दोघांना दोन-तीन दिवस पुरेल असं लिहिलेलं असतं, ते कागद वापरणाऱ्यांच्या हिशेबाने. आपण पाणी वापरतो. एका वेळी अर्धा लिटर धरलं तरी पेटी रोज रिकामी करायची तयारी ठेवा. ट्रक कॅम्परमध्ये आणि मोठ्या व्हॅनमध्ये मैल्याची टाकी गाडीलाच जोडलेली असते, ती बरीच मोठी असते आणि डम्प स्टेशनवर, म्हणजे मैला टाकायच्या ठरलेल्या जागी, जाड नळीने रिकामी होते. पेटी उचलायचं काम कोणी करायचं हे निघण्याआधीच घरात ठरवा, आणि रबरी हातमोजे घ्या.

अंघोळीचं म्हणाल तर बहुतेक व्हॅनमध्ये संडास आणि अंघोळ एकाच चौकोनात होते. अंघोळ झाली की कमोड पुसून घ्यायचा. मोठ्या ट्रक कॅम्परमध्ये कधीकधी दोन्ही वेगळं मिळतं. पाणी मात्र दोन्हीकडे मोजकंच, आणि बादलीभर पाण्याची सवय तिथे आवरावीच लागते. ज्या दिवशी कॅम्पग्राउंडवर, म्हणजे गाडी लावून मुक्काम करायच्या तळावर, गरम पाण्याची मोरी असेल त्या दिवशी तिथेच अंघोळ उरकावी.

स्वयंपाक

दोन्ही गाड्यांत दोन शेगड्या, लहान सिंक आणि फ्रिज मिळतो. फरक हवेचा. व्हॅनमध्ये शेगडीपासून उशी हातभर अंतरावर असते. मोहरी, मिरची आणि हिंगाची फोडणी आत केली तर धुराचा अलार्म वाजतो, आणि तो वास पांघरुणात पुढचे चार दिवस राहतो. ट्रक कॅम्परची खोली थोडी मोठी आणि पलंग वर, तरी तिथेही फार वेगळं होत नाही. आमचा सल्ला असा, की फोडणी बाहेर करा. कॅम्पग्राउंडवर बहुतेक जागांना लाकडी टेबल असतं, त्यावर एका बर्नरची सुटी शेगडी ठेवायची. जेवण झालं की भांडी, डबे, खरकटं, तेलाची बाटली सगळं लगेच गाडीत, काचा बंद. अस्वलांच्या मुलखात हे सक्तीचं आहे.

छोटा कुकर हवाच. अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कचं पठार सुमारे ८,००० फुटांवर आहे. तिथल्या ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या कारंज्यापाशी पाणी ९३ अंश सेल्सियसलाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. कुकरमध्ये दाब धरला की मुगाची खिचडी नेहमीसारखी होते.

थंडी

थंडीच्या बाबतीत चांगला ट्रक कॅम्पर पुढे असतो. त्याच्या भिंती राहण्यासाठीच बनवलेल्या असतात आणि आत फोम असतो. कॅनडात केलोना इथे तयार होणारे नॉर्दर्न लाइटचे कॅम्पर फायबरग्लासच्या दोन अर्ध्या कवचांचे असतात, सांधे कमी आणि गळतीही कमी. व्हॅनचं शरीर पत्र्याचं. कितीही अस्तर लावलं तरी पत्र्याच्या फासळ्यांमधून थंडी आत येते, आणि सकाळी काचांवरून पाणी ओघळताना दिसतं. ते दोघांच्या रात्रभराच्या श्वासातलं पाणी. छतावरचा पंखा अगदी हळू चालू ठेवून एक खिडकी बोटभर उघडी ठेवली तर अंथरूण कोरडं राहतं. पुढच्या काचेला थर्मल पडदा लावा, थंडी सगळ्यात जास्त तिथून येते. यलोस्टोनमध्ये जुलैतही रात्री पारा शून्याच्या आसपास उतरू शकतो, म्हणून उन्हाळा आहे असं समजून स्वेटर घरी ठेवू नका. ट्रक कॅम्परचा प्रोपेनचा हीटर खोली लवकर तापवतो, पण दर थोड्या वेळाने घुर्र करून सुरू होतो. झोप सावध असेल तर कानात कापूस घाला.

दोन्ही प्रकारांत वर उचलायच्या कापडी छपराच्या गाड्याही मिळतात. त्या स्वस्त असतात, उभं राहायला बऱ्या वाटतात. पण यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये (आरव्ही म्हणजे मुक्कामाची गाडी) अस्वलांमुळे फक्त कडक भिंतींच्या गाड्यांना जागा देतात. कॅनडातल्या बॅन्फ नॅशनल पार्कमध्ये लेक लुईसला तंबू आणि कापडी भिंतीवाल्यांची जागा वेगळी आहे, विजेच्या कुंपणाच्या आत. वयस्कर माणसं बरोबर असतील तर कापडी छपराचा विचारही करू नका, असं आमचं ठाम मत आहे.

तुमचा रस्ता कुठला?

ट्रक दिसायला मर्दानी असतो, त्यामुळे बऱ्याच जणांना तोच हवा असतो. पण लेक लुईस ते जॅस्पर हा सुमारे २३० किलोमीटरचा आइसफील्ड्स पार्कवे पूर्ण डांबरी आहे. यलोस्टोन, ग्रँड टीटन, झायन या अमेरिकेतल्या पार्कांचे मुख्य रस्तेही तसेच. तिथे फोर व्हील ड्राइव्हचा उपयोग शून्य, आणि उंची व लांबी मात्र नडते. ग्लेशियर नॅशनल पार्कच्या गोइंग-टू-द-सन रोडवर अ‍ॅव्हलांच ते रायझिंग सन या टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसह ८ फुटांपेक्षा रुंद गाडीला बंदी आहे. दहा फुटांपेक्षा उंच गाडीला तिथे वरून झुकलेल्या कातळांची अडचण होते. मोठ्या केबिनचा ट्रक आणि त्यावरचा कॅम्पर या मापात सहसा बसत नाही. व्हॅनही काठावरच असते, तेव्हा नेमक्या गाडीचं माप घेतल्याशिवाय आम्ही हा रस्ता कार्यक्रमात धरत नाही. नाही बसली तर पार्कच्या लाल बसमधून जा. १९३०च्या दशकातल्या त्या बसचं छप्पर उघडतं आणि एरवी गाडी चालवणाऱ्यालाही डोंगर बघता येतात, कारण तिथे ड्रायव्हर तुम्ही नसता.

झायनच्या बोगद्यालाही उंची-रुंदीची मर्यादा आहे. ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच गाडी तिथे मोठ्या गाड्यांच्या नियमात जाते. पुष्कळसे ट्रक कॅम्पर ११ ते १२ फूट उंच असतात, व्हॅन नऊ-दहा फुटांच्या आसपास.

ट्रक कॅम्परचा खरा मुलूख उत्तरेला आहे. अलास्कातला १३५ मैलांचा डेनाली हायवे, किंवा युकॉनमधून आर्क्टिक वृत्त ओलांडून इनुविकला जाणारा खडीचा डेम्पस्टर हायवे. तिथे जाड टायर, उंच चेसिस आणि जाड भिंती लागतातच, आणि भाड्याची व्हॅन अशा रस्त्यावर न्यायला करारात बहुधा मनाई असते. धडधाकट चौघं असाल आणि तिकडे जायचं असेल तर आम्ही स्वतःहून ट्रकच देऊ. फक्त वळणावर आणि वाऱ्यात तो डोलतो हे लक्षात ठेवा, वजन वर असतं. वायोमिंगमध्ये लॅरमी ते रॉलिन्स हा आय-८० महामार्गाचा टप्पा वाऱ्यासाठी बदनाम आहे, उंच हलक्या गाड्यांना तो कधीकधी बंदच करतात. अशा दिवशी मुक्काम वाढवा, व्हॅन असली तरी. इंधनाचा खर्चही धरा. लादलेला ट्रक लिटरला साधारण चार-पाच किलोमीटर देतो, व्हॅन सहा ते आठ.

आई-बाबा, त्यांचा अमेरिकेतला मुलगा-सून आणि नातवंड अशी पाच-सहा माणसं एकाच गाडीत झोपवायची मागणी आमच्याकडे वारंवार येते. दोन्हींपैकी एकाही गाडीत हे आरामात होत नाही. त्यापेक्षा आई-बाबांसाठी एक व्हॅन आणि बाकीच्यांना शेजारच्या जागेवर तंबू, किंवा जवळचं लॉज असं केलेलं बरं. तंबू टाकायचा असेल तर तिथे तंबूला परवानगी असलेलंच कॅम्पग्राउंड निवडावं लागतं, तेही आम्ही बघून देतो.

गाडी ठरवण्याआधी आम्हाला एवढं कळवा: प्रत्येकाचं वय आणि उंची, रात्री कोण किती वेळा उठतं, गुडघे-कंबर-तोल यांची काही तक्रार, लहान मुलांची वजनं, आणि ज्या तीन ठिकाणी जायचंच आहे त्यांची नावं. कॅम्पग्राउंडची जागा गाडीच्या लांबीवर मिळते, त्यामुळे आरक्षण गाडी ठरल्यावरच करता येतं, आणि जुलै-ऑगस्टच्या जागा कितीतरी महिने आधी भरतात. जो गाडी चालवणार त्याने आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्यावा. तो एक वर्षच चालतो, तेव्हा तारखा पाहून अर्ज करा.