जन्मतारीख सम असेल, तर घरी बसा

घरून काम दिलं की माणसं कामचुकार होतात, असं आमच्या ओळखीचे एक मॅनेजर भेटतील तिथे सांगतात. पुरावा काय, तर त्यांच्याकडचे तिघे घरून काम करतात आणि तिघांचंही काम कमी भरतं. पण मुळात घरून काम मागितलं कुणी? एकीचं बाळ तान्हं, एकाचे वडील अंथरुणाला खिळलेले, तिसरा गुपचूप दुसरी नोकरी शोधतोय. हे तिघे ऑफिसात बसले असते, तरी काम कमीच भरलं असतं. मग दोष घराचा की अडचणींचा?

चीनमधल्या सीट्रिप या ट्रॅव्हल कंपनीने २०१०च्या डिसेंबरमध्ये शांघायच्या कॉल सेंटरात हा गुंता फार साध्या युक्तीने सोडवला. सोबत होते स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम. घरून काम करायला तयार असलेल्यांतून, घरी वेगळी खोली आणि ब्रॉडबँड असलेले २४९ जण निवडले. सम तारखेला जन्मलेले आठवड्यातले चार दिवस घरी, विषम तारखेचे पाचही दिवस ऑफिसात.

अंकशास्त्रवाल्यांनी हुरळून जाऊ नये. सम तारखेत काहीही नसतं, म्हणून तर ती निवडली! चौदा तारखेचा माणूस पंधरा तारखेच्या माणसापेक्षा ना हुशार, ना आळशी. त्यामुळे तान्ही बाळं, आजारी वडील, लांबचा प्रवास हे सगळं दोन्ही गटांत जवळपास सारखं वाटलं जातं. मोजायचं आपल्याला सुचलंच नाही, तेसुद्धा! यालाच यादृच्छिक विभागणी म्हणतात. ऑफिसातला गट हा तुलनेसाठीचा नियंत्रित गट. दोन्ही गटांच्या कामाची वजाबाकी केली, की योगायोगाची थोडी चूकभूल सोडता उरतो तो घराचाच परिणाम.

नऊ महिन्यांत घरच्या गटाचं काम १३ टक्के जास्त भरलं. त्यातले सुमारे नऊ टक्के जास्त मिनिटांचे (सुट्ट्या कमी, चहाला उठणं कमी), उरलेले दर मिनिटाला घेतलेल्या जास्त कॉल्सचे. नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. अर्थात हे कॉल सेंटरचं, तेही स्वखुशीने तयार झालेल्यांचं गणित. सगळ्या ऑफिसांना ते चिकटवू नये.

प्रयोगानंतर कंपनीने ज्याला जे हवं ते निवडू दिलं. घरच्यांपैकी निम्मे ऑफिसात परतले, बऱ्याच जणांना एकटं वाटत होतं. आणि फरक १३वरून २२ टक्क्यांवर गेला, कारण घरी ज्यांचं जमत नव्हतं ते आता घरी नव्हतेच.