रुग्णालयीन स्मरणसूचना

तपासणी, शस्त्रक्रिया किंवा फेरतपासणीसाठी दिलेल्या तारखेची रुग्णालयाने रुग्णाला आधी करून दिलेली आठवण. ती एसएमएस, फोन, व्हॉट्सॲप, पत्र किंवा आशाताईंच्या तोंडी निरोपातून पोहोचते. रुग्ण आला नाही तर त्याचे उपचार लांबतात आणि त्याच्यासाठी राखलेली वेळ दुसऱ्या कुणाच्याही उपयोगी पडत नाही.

आठवण करून दिल्याने हजेरी वाढते, हे आता चांगले सिद्ध झाले आहे. वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात आठ प्रयोगांतील ६,६१५ जणांची माहिती तपासली गेली. एसएमएसचा परिणाम फोन करण्याइतकाच आढळला, खर्च मात्र कमी. मजकुरानेही फरक पडतो. लंडनच्या बार्ट्स हेल्थ ट्रस्टमधील प्रयोगात (प्रसिद्धी २०१५) ‘न आल्यास एनएचएसला (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला) सुमारे १६० पौंडांचा भुर्दंड पडतो’ अशा अर्थाचे वाक्य संदेशात घातले, तेव्हा गैरहजेरीचे प्रमाण ८.४ टक्के राहिले. साध्या संदेशाच्या बाबतीत ते ११.१ टक्के होते. हा उपाय आपल्याकडे तसाच उचलणे योग्य नाही. दिवसाची मजुरी बुडवून येणाऱ्या माणसाला खर्चाची जाणीव करून देण्याची गरज नसते. त्याला तारीख आठवडाभर आधी कळायला हवी, म्हणजे सुटी, एसटीचे पैसे आणि सोबत येणारे माणूस यांची सोय लावता येते. आदल्या संध्याकाळचा संदेश त्याच्यासाठी उशिराचा असतो. पहिल्या संदेशाची उजळणी एवढाच त्याचा उपयोग.

आठवण सर्वांना सारखी पोहोचत नाही, हा या विषयाचा गाभा आहे. इंग्लंडमध्ये १ ऑगस्ट २०१६ पासून एनएचएसच्या सेवा देणाऱ्या सर्व संस्थांना सुगम माहितीचे मानक पाळणे बंधनकारक आहे. अपंग रुग्णाला माहिती कशी हवी हे विचारायचे, नोंदवायचे, ती नोंद कागदपत्रांत ठळक दिसेल असे करायचे, संमतीने पुढच्या विभागाला कळवायचे आणि त्याप्रमाणे वागायचे, अशा त्याच्या सुरुवातीच्या पाच पायऱ्या होत्या. भारतात दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये माहिती सुगम स्वरूपात देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. केसपेपर काढतानाच ‘निरोप कसा पाठवू?’ हा एक प्रश्न विचारला, तरी बरेच काम होईल. अंध व्यक्तीच्या फोनमधली पडदावाचक (स्क्रीन रीडर) प्रणाली लिहिलेला मजकूर नीट वाचून दाखवते, पण व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठवलेल्या पत्राचा भरवसा नसतो. कर्णबधिर रुग्णाला ध्वनिमुद्रित फोन निरुपयोगी, तर अक्षरओळख नसलेल्या आजींना तोच सगळ्यात सोयीचा.

मराठी संदेशाची एक तांत्रिक अडचण आहे. इंग्रजी एसएमएसच्या एका भागात १६० अक्षरे मावतात, देवनागरीत ७०. आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘मंगळवार १४ जुलै, सकाळी ९. डोळ्यांची ओपीडी, खोली १२. जुना केसपेपर आणा.’ एवढ्यातच ६९ भरतात. रुग्णालयाचे नाव घातले की संदेश दोन भागांत जातो आणि खर्च दुप्पट होतो. म्हणून अनेक ठिकाणी इंग्रजी मजकूर पाठवला जातो. ही काटकसर चुकीची आहे, कारण न समजलेल्या संदेशावर केलेला खर्च पूर्णच वाया जातो. भारतात असे संदेश पाठवण्यासाठी मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. तेव्हा वार, तारीख, वेळ, जागा, सोबत काय आणायचे आणि उपाशीपोटी यायचे का, हे सांगणारा सोपा मराठी साचा एकदा काळजीपूर्वक लिहिला की तो कायम कामी येतो. वेळ लिहिताना ‘सकाळी’, ‘दुपारी’ हे शब्द हवेतच.

फोन कुणाच्या हातात असतो, याचाही विचार करावा लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) स्वतः वापरता येईल असा मोबाइल सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच आढळला. बाईचा निरोप नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर जाणार असेल, तर त्यात आजाराचे किंवा विभागाचे नाव नसावे. एचआयव्हीबाबत तर गुप्तता राखणे २०१७ च्या कायद्यानेच बंधनकारक केले आहे. लसीकरण आणि गरोदरपणातील तपासण्यांसाठी गावोगावी आशाताई यादी घेऊन घरी जातात. फोन नसलेल्या घरापर्यंत पोहोचणारी आठवण हीच.

संदेशाला उत्तर देता येणे ही सोयीची दुसरी बाजू. पुष्कळ संदेश अशा क्रमांकावरून येतात की त्यावर काही कळवताच येत नाही. ‘येणार असाल तर १ दाबा, तारीख बदलायची असेल तर २’ एवढी व्यवस्था किंवा मिस्ड कॉल दिल्यावर परत येणारा फोन असला, तर अडलेला रुग्ण वेळेत कळवू शकतो आणि मोकळी झालेली वेळ प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या रुग्णाला देता येते. त्यासाठी आलेली उत्तरे रोज पाहून तारखा बदलणारा कर्मचारी नेमलेला असावा लागतो.