नवरदेवाचे केस पिकलेले दिसतात, तर डिकोडर कशाला बदलता?

सिडकोत राहणाऱ्या माझ्या मामेभावाचा परवा फोन. "दादा, लग्नाचा व्हिडिओ टीव्हीवर लावला की माझे केस पिकल्यासारखे दिसतात. हार्डवेअर डिकोडिंग बंद करून पाहिलं, चालू करून पाहिलं, कोडेक पॅक (डिकोडरांचा तयार गठ्ठा) टाकला, ढिम्म फरक नाही." फरक पडणारच नव्हता. त्याच्या आदल्या आठवड्यात भाच्याने नेमका उलटा घोळ घातला होता. नव्या कॅमेऱ्यातली फाइल लॅपटॉपवर ठेचकाळत होती आणि हा पठ्ठ्या रात्रभर रेंडरर बदलत बसला. एकाच घरातले दोघे, दोघांनी आपापला आजार दुसऱ्याच्या डॉक्टरकडे नेलेला. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता डिकोडर (दाबून भरलेला व्हिडिओ उलगडणारा) आणि रेंडरर (तो पडद्यावर मांडणारा) यांतला फरक लिहूनच ठेवतो.

डिकोडर बहुतेकांना ठाऊक असतो, तेव्हा त्यावर फार वेळ घालवत नाही. एमकेव्ही, एमपी४ हे फाइलींचे प्रकार म्हणजे नुसती पोती. आत व्हिडिओ कुठल्या पद्धतीने दाबून एच.२६४ (२००३चं), एचईव्हीसी (२०१३चं) की एव्ही१ (२०१८चं) भरलंय ते महत्त्वाचं आणि ते उलगडण्याचं काम डिकोडरचं. प्रोसेसरने उलगडलं तर सॉफ्टवेअर डिकोडिंग, ग्राफिक्स चिपमधल्या खास भागाने उलगडलं तर हार्डवेअर. इथपर्यंत सगळ्यांना येतं.

घोळ पुढे आहे. लोकांना वाटतं, डिकोडरमधून चित्र बाहेर पडतं आणि रेंडरर ते फक्त खिडकीत चिकटवतो. तसं नाही. डिकोडरमधून जे बाहेर पडतं ते पडद्यावर दाखवण्यालायक चित्रच नसतं. नेहमीच्या १०८०पी फाइलीत उजेडाचा एक थर असतो, १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा. रंगाचे दोन थर वेगळे, आणि ते जेमतेम ९६० गुणिले ५४०चे. म्हणजे रंगाची माहिती चार ठिपक्यांत मिळून एकदाच. शिवाय उजेडाचे आकडे ० ते २५५ पसरलेले नसतात: काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर. या साहित्यातून लाल-हिरवा-निळा बनवायचा, रंगाचे थर ताणून उजेडावर बसवायचे, चित्र पडद्याच्या मापाचं करायचं आणि प्रत्येक फ्रेम नेमक्या क्षणी पडद्यावर टाकायची, हे सगळं रेंडरर करतो.

दोघांच्या स्वभावातला फरक शाळेच्या पेपरातल्या गणित आणि निबंधासारखा आहे. डिकोडरचं काम गणिताचं. एच.२६४पासून पुढच्या या प्रमाणांत उत्तर अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत ठरवून दिलेलं आहे. एकच फाइल इंटेलच्या चिपने उलगडा, एनव्हिडियाच्या कार्डाने उलगडा नाहीतर प्रोसेसरने, उत्तर तेच आलं पाहिजे. वेगळं आलं तर कुणीतरी चुकलंय. (डीव्हीडीतल्या एमपीईजी-२ मध्ये किंचित सूट होती, पण ती डोळ्यांना कळण्याइतकी नव्हे.) त्यामुळे "हार्डवेअर डिकोडिंगने चित्र भारी दिसतं" असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. चित्र तेच दिसतं, पंखा कमी ओरडतो, बॅटरी जास्त चालते. त्यापलीकडे काही नाही.

रेंडरर मात्र निबंध लिहितो. रंगाचे थर कसे ताणायचे, मोठं करताना कडा धारदार ठेवायच्या की मऊ, एचडीआर (उजेडाचा पल्ला मोठा असलेल्या) फाइलीचा प्रखर उजेड साध्या पडद्यात कसा बसवायचा, याला एकच बरोबर उत्तर नाही. म्हणून दोन रेंडरर एकाच फाइलीतून दोन वेगळी चित्रं दाखवतात आणि दोघंही आपल्या परीने खरी असतात. चित्राच्या रूपाबद्दल तक्रार असेल तर निबंध तपासायचा, गणिताची वही नव्हे.

ओळखायचं कसं? माझी पहिली चाचणी फुकटची आहे: व्हिडिओ थांबवा. थांबलेल्या फ्रेमवर चौकोनी ठोकळे, हिरवे पट्टे, फाटलेले चेहरे दिसत असतील तर डिकोडरवर संशय घ्या. सॉफ्टवेअर डिकोडिंगवर जाऊन पुन्हा पाहा. ठोकळे गेले तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर चुकतोय, राहिले तर फाइलच बिघडलेली आहे. थांबलेली फ्रेम सुबक आहे पण फिकी, राखाडी, भलत्या रंगाची किंवा कडांना दातेरी आहे, तर डिकोडरने आपलं काम चोख करून हात धुतलेत. पुढे पाहा.

आणि थांबवल्यावर सगळं ठीक, चालताना मात्र झटके? इथे दोघंही आरोपी असू शकतात, म्हणून आकडे बघावे लागतात. यासाठी मला एमपीव्ही हा प्लेअर आवडतो. चालू व्हिडिओवर आय (i) ही कळ दाबली की माहितीत गळालेल्या फ्रेम्स दोन खात्यांत वेगळ्या मांडलेल्या दिसतात, एक डिकोडरचं खातं, दुसरं आउटपुटचं. इतका सरळ हिशेब समोर असताना लोक अंदाज का बांधतात, मला कळत नाही. डिकोडरचा आकडा वाढतोय म्हणजे उलगडणंच झेपत नाही. आउटपुटचा वाढतोय म्हणजे उलगडून झालंय, मांडणं वेळेत होत नाही. मॅडव्हीआरसारखा जड रेंडरर हलक्या ग्राफिक्सवर चढवला की हेच होतं.

दोन्ही आकडे शून्य आणि तरी झटके, हा तिसरा प्रकार, आणि आपल्याकडे तो फार. आपल्याकडचे लग्नाचे व्हिडिओ बहुतेक सेकंदाला २५ फ्रेम्सचे, मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं करणारा. ६० भागिले २५ म्हणजे २.४. अर्धवट वेळा तर फ्रेम दाखवता येत नाही, मग काही फ्रेम्स दोन वेळा आणि काही तीन वेळा दिसतात. वरातीवरून कॅमेरा सावकाश फिरवला की ही लंगडी चाल लगेच जाणवते. पडदा ५० हर्ट्झवर नेला की प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा आणि चाल सरळ. यात डिकोडर बदलून काय होणार? तो बिचारा कधीच मोकळा झालाय.

आता भाच्याचा दोष सांगतो, कारण तो शुद्ध डिकोडरचा होता. कॅमेऱ्याने एच.२६४मध्येच लिहिलं होतं, पण १० बिट (आकडे जास्त बारीक) आणि ४:२:२, म्हणजे रंगाचे थर नेहमीच्या ४:२:० पेक्षा दुप्पट. "एच.२६४ तर कुठलाही लॅपटॉप चालवतो" हे वाक्य इथे आपटतं. बहुतेक ग्राफिक्स चिपांतला डिकोडर ८ बिट ४:२:० एवढंच शिकलेला असतो. बाकीचं प्रोसेसरच्या गळ्यात पडतं आणि ४के असेल तर जुना प्रोसेसर धापा टाकतो. सोपे पर्याय दोन: तगडा प्रोसेसर, किंवा एडिटिंगसाठी हलकी प्रत. एचईव्हीसीचंही असंच. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या ग्राफिक्समध्ये त्यासाठी खास सोय नाही, सहावीत ८ बिट आली, १० बिट नीट सातवीपासून. एव्ही१ अकरावीपासून. सेटिंगमध्ये "हार्डवेअर" निवडलं म्हणून हार्डवेअर उगवत नाही. प्लेअर गुपचूप सॉफ्टवेअरवर उतरतो आणि तुम्ही समाधानात.

एक जागा खरंच दोघांच्या सामाईक भिंतीवर आहे. हार्डवेअरने उलगडलेली फ्रेम ग्राफिक्सच्या मेमरीतच ठेवायची तर ती तिथून उचलू शकणारा रेंडरर लागतो. जोडी जमली नाही तर काळी खिडकी, फक्त आवाज. तेव्हा कॉपी-बॅक प्रकार निवडायचा: फ्रेम मुख्य मेमरीत आणून पुन्हा पाठवली जाते, थोडा खर्च वाढतो, भांडण मिटतं. जुन्या डीव्हीडीतल्या कंगव्यासारख्या रेषा घालवणं, म्हणजे डीइंटरलेसिंग, हेही मधलंच काम. कुठे डिकोडरसोबतचं फिल्टर करतं, कुठे ग्राफिक्सचा ड्रायव्हर. एकीकडेच चालू ठेवा.

सेटिंग शोधायला फार कष्ट नाहीत. व्हीएलसीत प्रेफरन्सेसमध्ये इनपुट-कोडेक्स या पानावर डिकोडर, व्हिडिओ या पानावर आउटपुट म्हणजे रेंडरर. एमपीसी-एचसी या प्लेअरमध्ये प्लेबॅकखाली आउटपुट. त्याचं मूळ काम २०१७मध्ये थांबलं, पुढे चालवलेली आवृत्ती घ्या; लाव्ह फिल्टर्स हा डिकोडरांचा संच त्यातच असतो. नातेवाइकांना मी व्हीएलसी देतो, स्वतः एमपीव्ही वापरतो. कोडेक पॅक कुणालाच देत नाही. व्हीएलसी आणि एमपीव्ही स्वतःचे डिकोडर पोटात घेऊनच येतात, पॅककडे ढुंकूनही बघत नाहीत. एका दुकानदाराने माझ्या लॅपटॉपमध्ये न विचारता तीन पॅक भरले होते, ते उपटता उपटता रविवार गेला.

मामेभावाकडे गेलो. एमपीव्हीत शिफ्ट-एस दाबून फ्रेमची प्रत काढली, कंट्रोल-एस दाबून खिडकी जशी दिसते तशी काढली. पहिली डिकोड झालेल्या फ्रेमवरून येते, दुसरी रेंडररने मांडल्यानंतरची. दोन्ही मोबाइलवर पाठवून पाहिल्या, दोन्हींत केस काळेभोर. म्हणजे त्याच्याकडे रेंडररही निर्दोष. लॅपटॉपचा ड्रायव्हर एचडीएमआयवरून १६ ते २३५ पाठवत होता, टीव्ही ० ते २५५ची वाट बघत होता. त्यामुळे १६चा काळा त्याने इमानदारीत राखाडी दाखवला. ड्रायव्हरमध्ये आउटपुट रेंज फुल केली, केस काळे झाले. वहिनी म्हणाल्या, दहा वर्षं कमी दिसता.

काल पुन्हा फोन: "दादा, हळद केशरी दिसतेय." ही फाइल मूळ डीव्हीडीची, ७२० गुणिले ५७६, रंगाचं गणित बीटी.६०१चं, म्हणजे जुन्या लहान मापाच्या व्हिडिओचं. दुकानात कुणीतरी ती ताणून १०८०पी केली आणि रंगाचं लेबल लावायला विसरलं. माप मोठं दिसल्यावर रेंडररने बीटी.७०९चं, म्हणजे एचडी व्हिडिओचं गणित धरलं, म्हणून पिवळा केशरीकडे सरकला आणि मंडपाची हिरवी पानं गडद झाली. यावेळी दोष रेंडररच्या अंदाजाचा. त्याला ६०१ धरायला सांगितलं की झालं. तोवर हार्डवेअर डिकोडिंगला हात लावू नकोस म्हणून बजावलंय, पण त्याने बंद केलं असणार.