टिक 'हो' ला, पण खत पडलं कुठं?

सर्व्हेतला सगळ्यात फसवा प्रश्न म्हणजे "तुम्ही खत वापरता का, हो की नाही?" शेतकरी हो म्हणतो, विचारणारा टिक मारून पुढच्या घरी जातो. पण त्याच शेतकऱ्याबरोबर शिवारात एक चक्कर मारली की कळतं, खत पडलंय फक्त पाण्याजवळच्या एका तुकड्याला आणि गेल्या वर्षी तर तेही नव्हतं. खोटं बोलला का तो? अजिबात नाही, आपण विचारलंच तेवढं.

म्हणून गरिबी आणि शेतीतलं नवं तंत्र यावर काम करणारे बरेच जण मिक्स्ड मेथड्स वापरतात, म्हणजे आकडे पण घ्यायचे आणि बांधावर बसून गप्पा पण मारायच्या.

पश्चिम केनियातलं उदाहरण घ्या. डुफ्लो, क्रेमर आणि रॉबिन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी मका करणाऱ्यांच्याच रानात प्रयोग लावले, खड्ड्यामागे अर्धा चमचा वरखत, चहाचा चमचा बरं का! तेवढ्यावर चांगला फायदा निघाला, उलट सरकारी शिफारशीचं पूर्ण पॅकेज सरासरी शेतकऱ्याला परवडतच नव्हतं. मग लोक वापरत का नाहीत? पुढच्या हंगामात घेणार असं जवळपास 98 टक्के म्हणाले, प्रत्यक्षात घेतलं साधारण 37 टक्क्यांनी. कारण विचारलं तर बहुतेकांचं एकच, पैसे नाहीत. पण खत तर थोडंथोडं पण मिळत होतं आणि मका निघाल्यावर हातात पैसा असायचा, तो खत टाकायची वेळ येईपर्यंत संपायचा. मग त्यांनी काढणी झाल्या झाल्याच खताचं कूपन विकलं, खत नंतर घरपोच, पोचवायचे पैसे नाहीत. 2011 मध्ये हे छापून आलं, आणि या छोट्या सवलतीने जेवढा वापर वाढला तेवढा वाढवायला नंतर, खत टाकायच्या वेळी, किंमत बरीच जास्त कमी करावी लागली असती.

हा अभ्यास मुळात आकड्यांचाच, पण "पैसे नाहीत" याच्या पुढे "कधी नाहीत?" हे विचारायला माणसाशी बोलावंच लागतं.

गप्पांवर पण आंधळा भरवसा नको, बैठकीत बोलतो तो जास्त जमीनवाला आणि मजुरीला गेलेला तर आलेलाच नसतो.

मला विचाराल तर आधी गाठायचे ते वापर सोडून दिलेले. दोन हंगाम वापरून थांबलेला आणि कधीच न वापरलेला, तक्त्यात दोघंही "नाही". बी उगवलं नाही की उधारी फिटली नाही, हे थांबलेलाच सांगणार, आणि घरातल्या बाईला वेगळं विचारलं तर कधीकधी तिसरंच निघतं.